असं ऐका

हँक विल्यम्सच्या ‘फॉर्टी ग्रेटेस्ट हिट्स’वर मी दोन पानी टिपण लिहिलं होतं. आमच्या रविवारच्या बैठकीत पाच-सहा कानसेन जमतात, सगळे ख्याल-ठुमरीतले. त्यांना अमेरिकन कंट्री संगीत समजावण्याचा विडा मी आपणहून उचलला होता. झेरॉक्स काढल्या, वर शीर्षक दिलं, ‘असं ऐका’. अजूनही ते दोन शब्द आठवले की कानशिलं तापतात.

‘आयॅम सो लोनसम आय कुड क्राय’बद्दल मी लिहिलं होतं : ‘व्हायोलिनचे थवे या एकटेपणाला आभाळ देतात.’ वाक्यावर मी खूश होतो. गाणं लावलं, आणि थवे काही येईनात. साधी गिटार, खाली बास, मध्येच एकटं फिडल आणि सुस्कारा सोडावा तशी घसरत जाणारी स्टील गिटार. बस्स. आमच्यातले एक काका जन्मभर तबला वाजवत आले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अहो, ती व्हायोलिनं पुढच्या गाण्यात आहेत का?”

झालं होतं असं की टिपण लिहिताना मी अल्बम लावलाच नव्हता. वर्षानुवर्षं ऐकलेल्या एका कॅसेटच्या आठवणीवर भागवलं होतं. १ जानेवारी १९५३ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, हँक धावत्या गाडीच्या मागच्या सीटवर गेला. पुढे त्याच्या गाण्यांवर कंपनीनं व्हायोलिनं चढवली, मोनोचं नकली स्टिरिओ केलं. माझी कॅसेट त्यातली. १९७८च्या या चाळीस गाण्यांच्या संचाचं मोल हेच, की त्यात हा मुलामा नाही. मूळ मोनो आहे. म्हणजे जे काढून टाकलं, नेमकं त्याचंच मी कौतुक केलं होतं.

बाकीच्या चुका मग मलाच सापडत गेल्या. ‘लव्हसिक ब्लूज’ हँकच्या संसारातल्या जखमेतून उतरलं, असं मी ठोकून दिलं होतं. ते गाणं क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांचं, १९२२चं. हँक जन्मला १९२३ला! सगळी स्टील गिटार डॉन हेल्म्सच्या नावावर टाकली होती. ‘लोनसम’मध्ये वाजवणारा जेरी बर्ड आहे. आणि ‘आयल नेव्हर गेट आऊट ऑफ धिस वर्ल्ड अलाइव्ह’ला मृत्यूची चाहूल म्हणून दाटल्या गळ्यानं ओळख करून दिली, तर गाणं निघालं फटकळ आणि गमतीचं. दोघं जण हसले. मला वाटलं, मला हसताहेत. तेही असेल.

चहानंतर काका म्हणाले, “ते मघाचं परत लावा. कागद नको.” या वेळी ते डोळे मिटून मांडीवर बोटं टेकवत होते. टिपणात मी ‘लोनसम’ला ‘संथ भजनी ठेका’ म्हटलं होतं.

“तीनात आहे हो,” ते डोळे न उघडता म्हणाले. “दादऱ्यासारखं. आणि ठेका धरायला कुणी बसलेलंच नाहीये. ऐका.”

खरंच, ड्रम नव्हते. मी इतकी वर्षं ते ऐकत आलो होतो.