मलकपेटचे घोडे आणि आम्ही चौघे

नेरडीगोंडा म्हटलं की पाहुणे पहिल्यांदा कुंटाळ्याचा धबधबा विचारतात. पावसाळा सरत आला की रविवारी तिकडे गाड्यांची रांग लागते. नांदेड, किनवट, पार यवतमाळकडची मंडळी भाकरी-ठेचा बांधून येतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही चौघे गाव सोडून उलट्या दिशेला, हैदराबादला निघतो. वर्षातून एकदाच, दोन दिवसांसाठी. कशाला, तर घोडे पळताना पाहायला.

रेस हा शब्द आपल्या घरांमध्ये दबक्या आवाजात बोलायचा शब्द आहे, हे मला ठाऊक आहे. ‘रेसला जातो’ म्हणजे माणूस कामातून गेला, असाच अर्थ माझ्या आईनंही लावला होता. तिचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढे त्याबद्दल सांगणारच आहे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी गावातला किराणा दुकानदार. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आता निवृत्त. दादा शेतकरी, कापूस आणि सोयाबीनवाला. आणि चौथे उस्ताद, हायवेवर लॉऱ्या दुरुस्त करणारे. उस्तादांचे आजोबा निर्मलला टांगा चालवायचे, त्यामुळे घोडा हा विषय निघाला की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, असा आमच्यात नियम आहे. १९९९ साली त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा नेलं. डेक्कन डर्बी नावाची मोठी शर्यत बहुतेक वर्षी २ ऑक्टोबरला असते. गांधी जयंतीची सुट्टी, त्यामुळे मास्तरांची शाळा बंद, आणि कापसाची वेचणी अजून जोरात सुरू व्हायची असते, त्यामुळे दादाही मोकळा. तारीख जणू आमच्यासाठीच काढलेली!

आदल्या दिवशी सकाळी बस धरायची. महबूब घाट उतरून निर्मल, सोनच्या पुलावरून गोदावरी, मग आर्मूरचे ते एकावर एक रचून ठेवल्यासारखे दगडांचे डोंगर, कामारेड्डी, मेडचल. पूर्वी या रस्त्याला सात नंबरचा हायवे म्हणत, आता चव्वेचाळीस म्हणतात. रात्री मास्तरांच्या मेहुण्याकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी जेवून मलकपेट. २०२० पासून जुबिली बसस्टँडहून थेट मेट्रो झाली आहे. मास्तर दरवर्षी एकच विनोद करतात: गांधी जयंतीला निघायचं, वाटेत गांधी हॉस्पिटल स्टेशन लागणार, गाडी बदलायची ती महात्मा गांधी बसस्टँडला, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून जायचं कुठे, तर रेसला! त्या दिवशी दारूची दुकानं बंद असतात, घोड्यांवरचा पैसा मात्र चालू असतो. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे असं ठरवलं, त्यामुळे तिथे पैसे लावणं जुगारात धरलं जात नाही. कौशल्य घोड्याचं आणि जॉकीचं असतं, हरतो मात्र खिडकीवर उभा असलेला माणूस, हे मास्तरांचं मत.

मैदान जुनं आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ मध्ये मौला अलीच्या शर्यती मलकपेटला आणल्या. १९११ मध्ये ते वारले आणि शर्यती सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर गेल्या. हैदराबाद रेस क्लब १९६१ चा, आणि मलकपेटला घोडे पुन्हा पळू लागले ते १९६८ पासून. आमच्या प्रवासाच्या सुरुवातीला महबूब घाट आणि शेवटाला महबूब अलींचं मैदान, म्हणजे दोन्ही टोकांना एकच नाव.

ज्यांनी आपल्याकडचा शंकरपट पाहिला आहे त्यांना एक फरक लगेच जाणवेल. पटात बैलजोडी तुमच्या अंगावरून गेल्यासारखी जाते, धुरळा, आरोळ्या, सेकंदांचा हिशेब, आणि संपलं. २०१४ मध्ये पट बंद झाले आणि २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं अटी घालून परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झाले. मधली सात-आठ वर्षं दादा म्हणायचा, ‘बैलं बंद अन् घोडे चालू, हा कोणता न्याय?’ त्याला उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. घोड्यांच्या शर्यतीत प्रत्यक्ष पळणं थोडंच, वाट पाहणंच जास्त. डर्बी दोन हजार मीटरची, म्हणजे सगळा खेळ दोन मिनिटं आणि वर काही सेकंदांचा. त्यासाठी आम्ही अडीचशे किलोमीटर जातो.

पण खरी मजा शर्यतीच्या आधी असते. पळण्याआधी घोडे एका कुंपणाच्या आत गोल फिरवतात, त्याला पॅडॉक म्हणतात. मोतद्दार लगाम धरून पुढे, मागे घोडा. अंगावर नंबराचं कापड, कातडी अशी चमकते की भिजल्यासारखी वाटावी. डर्बीत सगळे तीनच वर्षांचे असतात, म्हणजे तशी पोरंच. कुणी कान मागे पाडतो, कुणी उगाच बाजूला उडी मारतो, एखादी घोडी मात्र लग्नघरातल्या थोरल्या सुनेसारखी शांत चालते. घोडीला वजनात दीड किलोची सूट असते. उस्ताद तिथे कुंपणाला टेकून अर्धा-अर्धा तास उभे राहतात. ‘नाम नक्को देखो, पुठ्ठा देखो, चाल देखो,’ हे त्यांचं वाक्य. ज्याला घाम जास्त फुटलाय तो घोडा आधीच दमला, मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशापलीकडे पडतं तो लांब पळेल, असं बरंच काही मी त्यांच्याकडून शिकलो. जिंकणारा घोडा यातून ओळखता येतो असं मात्र समजू नका. उस्तादांचा अंदाज चारात एकदा बरोबर येतो आणि ते स्वतःच हे सांगतात.

घोड्यांची ही दुनिया आपल्या घरापासून वाटते तेवढी लांब नाही. पुण्याच्या पूनावालांचा घोड्यांचा फार्म १९४६ चा. घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचं औषध करतात, आणि त्या धंद्यातूनच १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट निघाली. २०२१ मध्ये आमच्या दंडात टोचलेली सुई तिथलीच होती, तेव्हा उस्तादांना केवढा आनंद झाला होता!

आता २००५ ची गोष्ट.

त्या वर्षी निघायच्या आदल्या संध्याकाळी दादानं अडत्याकडून वेचणीच्या मजुरीसाठी उचल घेतली होती. घरी ठेवायचं राहून गेलं, की मुद्दाम ठेवलं नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. पैसे बनियनच्या आतल्या खिशात होते. पहिल्या शर्यतीत त्याला साडेआठशे लागले, आणि सगळं बिघडलं ते तिथेच. हरला असता तर बरं झालं असतं. आम्ही पॅडॉकवर उभे, आणि दादा ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून जायचा तो बुकींच्या पाट्यांकडे. तिथे भाव सारखे पुसतात, सारखे लिहितात. बाजारात कापसाचा लिलाव पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं. आपल्याला यातलं कळतं असं वाटायला लागतं.

रात्री निर्मलला बस चहाला थांबली. दादा उतरला नाही. घाटात दिवे बंद झाल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाला, ‘अकरा गेले.’

मी म्हटलं, ‘अकराशे?’

‘हजार.’

मास्तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. उस्तादांनी वेल्डिंग मशीनसाठी बाजूला टाकलेले पाच हजार तिसऱ्या दिवशी नेऊन दिले. मी दोन दिले, आणि देताना माझ्या मनात दुकानाच्या मालाचा हिशेब चालू होता, हे इथे कबूल करतो. मास्तरांनी पुढच्या पगाराला दोन पाठवले, तेही मुलाच्या हातून.

आठवड्यानं वहिनी दुकानात आल्या. साखर, चहापत्ती, खोबरेल. रोख दिल्याशिवाय त्यांनी कधी पुडा उचललेला नाही. त्या दिवशी म्हणाल्या, ‘भाऊजी, लिहून ठेवा.’ मी वही काढली. मग म्हणाल्या, ‘यांचं पाकीट मारलं म्हणे हैदराबादला. तुम्ही सोबतच होतात ना?’

मी म्हटलं, ‘हो ना, बसस्टँडवर गर्दी फार.’

‘बनियनच्या खिशातलं पाकीट कसं मारतात, भाऊजी?’

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग सांगितलं सगळं. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवी घेऊन गेल्या. दादाच्या खोट्यापेक्षा मी त्या खोट्याला लावलेला हात त्यांना जास्त लागला असावा, कारण त्यानंतर वर्षभर त्या आमच्या घरी हळदीकुंकवालाही आल्या नाहीत. माझ्या बायकोनं मला याबद्दल जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

उसने पैसे संक्रांतीच्या आत फिटले. २००६ ला कुणी हैदराबादचं नाव काढलं नाही. २ ऑक्टोबरला मी दुकान उघडून बसलो, मास्तर पेपर वाचत समोर. दोघांनाही काय बोलावं सुचत नव्हतं.

२००७ च्या सप्टेंबरात वहिनीच दुकानात आल्या. म्हणाल्या, ‘घोडे पाहायला जाता ना तुम्ही? मग पाहून या. हे घरात नुसते बसून राहतात, मला बघवत नाही. पण यांचे पैसे मी देईन तेवढेच, आणि तेही मास्तरांच्या हातात.’ त्यांनी रुमालाच्या गाठीतून तीनशे रुपये काढून दिले. भाडं, जेवण आणि वर शंभर.

तेव्हापासून आमचं असंच चालतं. प्रत्येकाचे शंभर, चौघांचे चारशे, सगळे मास्तरांच्या खिशात. पैज एकच, डर्बीवर, टोटच्या खिडकीतून. टोटमध्ये सगळ्यांचा पैसा एकत्र होतो, क्लबचा आणि सरकारचा वाटा काढून उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. आता सरकारचा वाटाही भारी झालाय. लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २०२५ च्या सप्टेंबरापासून तो ४० टक्के झाला. वहिनी म्हणाल्या, सरकारला बावीस-चोवीस वर्षांनी माझ्यासारखी अक्कल आली. हिशेब चुकला होता, पण कुणी दुरुस्त केला नाही.

दादा अठरा-वीस वर्षांत खिडकीकडे गेलेला नाही. पैज कुठल्या घोड्यावर हे ठरवतानाही तो बोलत नाही. पण पॅडॉकवर तो आता उस्तादांपेक्षाही जास्त वेळ उभा असतो. उस्तादांचे गुडघे गेलेत, ते पायरीवर बसतात आणि दादा येऊन त्यांना सांगतो, चार नंबरचा डावा पाय जरा आखडतोय, सात नंबरची घोडी बघा कशी बघते. उस्ताद डोळे मिटून ऐकतात. शेवटच्या वळणावर घोडे येतात तेव्हा आधी आवाज येत नाही, जमीनच पायाखाली हलते, आणि मग सगळं मैदान उभं राहतं. त्यावेळी मी घोड्यांकडे न पाहता दादाकडे पाहतो. सवयच लागली आहे.

मागच्या खेपेला चारशेचे शून्य झाले. परतताना लाड बाजारात उतरलो, कारण वहिनींनी लाखेच्या बांगड्या सांगितल्या होत्या. दादानं भाव करून, उन्हात धरून, पुठ्ठा आणि चाल पाहावी तशा पाहून घेतल्या. घरी आल्यावर कळलं, सांगितल्या होत्या दोन-सहाच्या, आणल्या दोन-चारच्या. त्या आता माझ्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवल्या आहेत. पुढच्या ऑक्टोबरात बदलून आणायच्या आहेत.