रात्रपाळीची वीज

रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. गोविंदप्रभू इथे वावरले, म्हाइंभटांनी इथल्याच वाजेश्वरीत बसून ‘लीळाचरित्र’ लिहिलं आणि 2024पासून इथं मराठीचं विद्यापीठही उभं आहे. त्या ग्रंथातला एक ससा मला सारखा आठवतो. मागे शिकारी कुत्री लागलेली; तो धावत येऊन महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या मांडीखाली दडतो. पाठोपाठ आलेले पारधी शेवटी त्याला सोडून देतात.

सशावर दया करणं तसं सोपंच. बिबट्याचं काय?

रिद्धपूरच्या परिसरातल्या मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात तो दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अमरावती शहराच्या अंगाला पोहरा-मालखेडचं जंगल आहे, त्यामुळे तिथल्या विद्यापीठाच्या आवारातही त्याची वर्दळ असते. कुत्री, डुकरं, एखादी बकरी मिळाली की त्याचं भागतं. त्याला घनदाट अरण्य लागतंच असं नाही. तरी ‘बिबट्या गावात घुसला’ असा मथळा छापला जातो, जणू सातबारा बघूनच त्यानं हिंडावं.

मग मागणी होते पिंजऱ्याची. जुन्नरला हा उपाय भरपूर करून झाला. 2001नंतर तिथं पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं. टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या 2009मध्ये गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर तो शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत त्यानं कुणाला ओरखडाही काढला नाही. त्याच्यावर सिनेमा निघाला. पण त्याआधीच महामार्गावरच्या एका गाडीखाली तो संपला होता.

हे सगळं वाचून शहरात बसून बिबट्याचा कैवार घेता येतो. मीही घेतो. पण रात्री ओलिताला जाणाऱ्याला हे ऐकवायची माझी छाती नाही. संत्र्याच्या आंबिया बहराचा ताण तोडायचा तर जानेवारीच्या थंडीत झाडाला पाणी हवंच, आणि थ्री फेज वीज येणार रात्री. अंधारात मोटर सुरू करायची, दांडाला वाकून पाणी वळवायचं, नि बिबट्याची फिरायची वेळही नेमकी तीच. वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, असं जाणकार सांगतात. त्याचं वेळापत्रक फार जुनं आहे. आपलं मात्र वीज कंपनी ठरवते.

म्हणून मला वाटतं, बिबट्याच्या बंदोबस्ताचं निम्मं काम वनखात्याकडे नाहीच, ते ऊर्जा खात्याकडे आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून 2023मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. ज्या फीडरवर ती पोचली तिथला शेतकरी उजेडात ओलीत करून रात्री घरी झोपतो. जिथं पोचली नाही तिथं बॅटरी, काठी आणि सोबतीला एखादा शेजारी. “भेव तं लागते, भाऊ,” असा माणूस सांगतो, “पन पानी कोन देईन?”