कुत्र्याचं बारसं

माणसाच्या बारशात एक सोय असते. राशी, आत्या, पणजोबा अशी नावाची जबाबदारी चौघांत वाटता येते. कुत्र्याला पत्रिका नसते, आणि आत्या असली तरी तिचा पत्ता नसतो. त्यामुळे ठेवणाऱ्याच्या मनातलं सगळं पट्ट्याबरोबर त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडतं.

आमच्याकडे पिल्लू आलं तेव्हा मी जाहीर केलं, "मोती, टिप्या, राजा चालणार नाही. डोंगरदऱ्यांत शोभेल असं मर्दानी नाव हवं!" ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते वीर माझ्या गिर्यारोहणाच्या जुन्या बुटात शिरून घोरत होते.

'वाघ्या' पहिल्या फेरीतच बाद. त्या नावाचा रायगडावर पुतळा आहे, पुतळ्यावरून वाद आहे, आणि हाक मारली की गल्लीतले निम्मे कुत्रे हजर होतात. मग 'वादळ'. गच्चीत जाऊन चाचणी हाक मारली, "वादळ आलंऽऽ का?" शेजारच्या तिघींनी धावत येऊन कुरडया गोळा केल्या. 'हिमालय'ला सौ.ची हरकत. "उद्या खालचे काका म्हणतील, हिमालय आमच्या स्कूटरवर पाय वर करून गेला. काय सांगाल?" राहता राहिला 'प्रचंड'. १४०३ मीटरच्या तोरण्याला महाराजांनी प्रचंडगड म्हटलं, हा माझा आधार. तेवढ्यात पिल्लू शिंकलं आणि शिंकेच्या धक्क्यानं स्वतःच आडवं झालं. विषय संपला.

"पण एवढं गडाचंच वेड का हो?" सौ.नं हळूच विचारलं. तिला ठाऊक होतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला गड बंद केले आहेत. घरापर्यंतचे दोन जिने तेवढे चालू. घरातून कुणीतरी गडावर जावं, नावानं का होईना!

तसं पाहिलं तर सगळ्यांत मोठी चढाई केली ती महाभारतातल्या कुत्र्यानं. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत टिकला तो एकटाच. पण व्यासांनी त्याला नाव दिलं नाही. धर्मराज मागे न पाहता चालत होता, आणि हा मागे होताच. हाक मारायची कशाला?

अखेर सौ.नंच नाव ठेवलं, 'दगडू'. अख्खा सह्याद्री काळ्या दगडाचा, तेव्हा मला तक्रारीला जागा उरली नाही. आता जिना चढताना दगडू पुढे पळतो, वळणावर थांबतो आणि मी येतोय ना, ते मागे वळून पाहतो. मला अजून त्याला हाक मारावी लागलेली नाही.