थोरल्या सेंट बर्नार्डच्या खिंडीत

स्वित्झर्लंड आणि इटली या दोन देशांच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या रांगेत, थोरला सेंट बर्नार्ड नावाची एक खिंड आहे. तिची उंची २,४६९ मीटर, म्हणजे सुमारे ८,१०० फूट. उन्हाळ्यात या खिंडीतून मोटारी सुखेनैव ये-जा करतात. परंतु ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास रस्ता जो बर्फाखाली जातो, तो जूनच्या आसपासच पुन्हा मोकळा होतो. १९६४ साली डोंगराच्या पोटातून बोगदा झाला, तेव्हापासून वाहने बारमास खालून जातात. वर जाऊ इच्छिणाऱ्याने मात्र हिवाळ्यात एक तर पायांस स्कीच्या लांब पट्ट्या बांधाव्या, नाही तर हिमपादुका चढवाव्या. आणि अशा त्या ठिकाणी संत ऑगस्टीन यांच्या नियमाने राहणाऱ्या धर्मगुरूंचे एक घर आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे ते वाटसरूंसाठी उघडे आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघांनी ही वाट पायी केली. माझा एक जुना वर्गबंधू, मूळचा वडोदऱ्याचा, नोकरीनिमित्त जिनिव्हास स्थायिक झाला आहे. तो, आमच्या वहिनी, मी, आणि त्या दोघांच्या ओळखीचा ओर्सिएर गावचा एक शेतकरी. हा गृहस्थ उन्हाळ्यात गाई राखतो व हिवाळ्यात डोंगर पाहतो. 'पाहतो' म्हणजे वैद्य नाडी पाहतो तसा.

हिमपादुका म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकांस सांगितले पाहिजे. ताज्या बर्फात साध्या बुटाचे पाऊल टाकले तर माणूस गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत रुततो. चिखलणीच्या वेळी भाताच्या खाचरात उतरणाऱ्यास या त्रासाची थोडीबहुत कल्पना येईल. पाऊल रुंद केले की भार पसरतो आणि रुतणे कमी होते, एवढेच या युक्तीचे मर्म. पूर्वी लाकडाची पट्टी वाकवून तिच्यात कच्च्या चामड्याच्या वादीची जाळी विणीत. आकार टेनिसच्या रॅकेटसारखा, म्हणून फ्रेंच भाषेत तिचे नावही रॅकेटच. हल्लीच्या पादुका बहुधा प्लास्टिकच्या असून तळाशी धातूचे दात आणि चढणीवर टाचेखाली उभी करावयाची एक कडी असते. दिसावयास हे प्रकरण पायांस सुपे बांधल्यासारखे. पहिला अर्धा तास आम्ही बदकांसारखे चाललो व एकमेकांस हसलो. नंतर मांडीचा कोणता तरी अनोळखी स्नायू दुखू लागला आणि हसणे आपोआप थांबले.

बर्फापुढे भल्याभल्यांस अशीच युक्ती योजावी लागली आहे. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनने सुमारे ४०,००० सैन्य याच खिंडीतून इटलीत उतरविले. तोफांची चाके बर्फात चालेनात, तेव्हा झाडांचे बुंधे पोखरून त्यांत तोफा घातल्या व दोरांनी वर ओढल्या. प्रसिद्ध चित्रात हा सेनापती उसळत्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात तो खेचरावर बसून गेला. खेचराने त्यास सुखरूप पोहोचविले, चित्रकाराने मात्र त्या बिचाऱ्याची दखल घेतली नाही.

आमचा बेत शनिवारी निघण्याचा होता. शुक्रवारी रात्री बूर-सें-प्येर या शेवटच्या खेड्यात मुक्काम केला, आणि रात्रभर वारा व बर्फ यांनी खिडक्या झोडपून काढल्या. दावोस येथील संशोधन संस्था हिवाळ्यात दररोज हिमलोटाच्या धोक्याचे पत्रक काढते. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या सकाळी आमच्या बाजूस तिसरी होती. पाचांपैकी तीन म्हणजे मधलेच, असे म्हणून वर्गबंधू बुटांचे बंद आवळू लागला. सोमवारी त्यास कामावर हजर व्हावयाचे होते. शेतकरी मित्र जागचा हलला नाही. त्याने शांतपणे सांगितले की माणसे सर्वांत अधिक दगावतात ती या तिसऱ्या पायरीवर. चौथ्या पायरीवर शहाणे लोक घरीच बसतात. वाऱ्याने आणलेले बर्फ डोंगराच्या कुशीत पाटासारखे घट्ट बसते, त्याखालचा जुना थर भुसभुशीत असतो, आणि एका माणसाच्या पावलाने सबंध पाट निसटतो. उतार फार उभा असला तर बर्फ साठत नाही, फार सपाट असला तर घसरत नाही. तीस अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंतचा उतार हा मृत्यूचा. तरीही थोडी वादावादी झालीच. अखेरीस वहिनी म्हणाल्या, "अहो, साहेबांना कळवा की एक दिवस उशीर होईल. डोंगर कोठे पळून जात नाही." प्रश्न तेथेच मिटला.

रविवारी धोका दुसऱ्या पायरीवर उतरला. वरच्या घरी दूरध्वनी करून वाटेची चौकशी केली आणि उजाडताच बोगद्याच्या तोंडाशी, बूर-सें-बेर्नार येथे, पादुका चढविल्या. येथून वर सुमारे सहा किलोमीटर चाल आणि साडेपाचशे मीटर चढ. प्रत्येकाच्या छातीशी संदेश पाठविणारे एक लहानसे यंत्र, पाठीवर फावडे व बर्फ चाचपण्याची लांब सळई. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तरच त्याच्या जगण्याची खरी आशा असते. बाहेरून मदत येईतो ती वेळ टळून गेलेली असते. म्हणून सोबत्यानेच सोबत्यास उकरावयाचे. हे ऐकल्यावर 'मित्र' या शब्दाचे वजन मला थोडे निराळे भासू लागले.

शेवटच्या टप्प्यास कोंब दे मोर, म्हणजे मृतांची घळ, म्हणतात. दोन्ही बाजूंस उभे उतार, मधून अरुंद वाट. तेथे आम्ही एकमेकांपासून पन्नास-पन्नास पावलांचे अंतर ठेवून चाललो, म्हणजे लोट आलाच तर एकच जण सापडावा. तोच धुके उतरले. पुढचा सोबती दिसेना, आकाश व जमीन यांतील भेद दिसेना. दिसे तो फक्त बर्फात रोवलेला पुढचा खांब, आणि तो गाठला की त्याच्यापुढचा. वहिनींचे पाय थकले होते. शेतकरी मित्राने त्यांस पुढे न पाहता खांब मोजावयास सांगितले. त्यांनी मराठीत मोठ्याने मोजावयास सुरुवात केली. त्या आवाजाच्या धाग्याने आम्ही मागचे दोघे चालत होतो. एकेचाळीसाव्या खांबानंतर समोर एक करडी भिंत उभी राहिली.

येथे हे घर का बांधले, हे त्या शेवटच्या तासाने मला पुस्तकांपेक्षा अधिक समजाविले. रोमन लोक या खिंडीत ज्युपिटरचे देऊळ बांधून नवस फेडीत. पुढे वाट लुटारूंच्या हाती गेली. वादळातून वाचलेला लुटला जाई आणि लुटारूंतून सुटलेला गोठून मरे. आओस्ता येथील आर्चडीकन बर्नार्ड यांनी सन १०५० च्या सुमारास खिंडीच्या माथ्यावरच हे घर उभारले. खाली खेड्यात, जेथे ते बांधणे व चालविणे कितीतरी सोपे झाले असते, तेथे नव्हे. ज्यांस उशीर झाला त्यांची प्रेते एका खोलीत ठेवीत, कारण खडकात व गोठलेल्या भूमीत थडगी खणता येत नसत. ती खोली आता भिंत घालून बंद केली आहे. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. हे पोप स्वतः तरुणपणी पट्टीचे गिर्यारोहक. १८८९ साली ते मोंते रोझाच्या अवघड पूर्व अंगाने शिखरावर चढले होते.

कुत्र्यांविषयी वाचक विचारतीलच. बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक जीव वाचविले असे सांगतात; १८१४ साली तो वारला आणि त्याचे पेंढा भरलेले शरीर बेर्न शहराच्या संग्रहालयात आहे. गळ्यातील मद्याचे पिंप मात्र लँडसिअर या इंग्रज चित्रकाराच्या कल्पनेतून आलेले. आज बर्फातील शोध हेलिकॉप्टर आणि हलक्या जातीची कुत्री करतात. बॅरीचे वंशज मार्तिन्यी गावी सांभाळले जातात व उन्हाळ्यात आजोळी आल्यासारखे वर येतात.

दार ढकलले, ते उघडले. आत कोणी नावगाव विचारले नाही. वाफाळलेला चहा पुढे आला, पादुका टांगावयास खुंटी मिळाली. सायंकाळी तळघरातील प्रार्थनामंदिरात मिस्सा झाली. आमच्या बाकावर एक जर्मन विद्यार्थी होता. आपण काहीच मानीत नाही, असे त्याने नंतर जेवताना सांगितले. कोणी त्याची समजूत घालू लागले नाही, कोणी वाढपही कमी केले नाही. भांडी धुवावयास तो सर्वांच्या आधी उठला.

सोमवारी आकाश निरभ्र निघाले. इटलीच्या बाजूस थोडे उतरून आम्ही मों फूर्शों या २,९०२ मीटर उंचीच्या शिखरावर चढलो. बर्फ कडक होते, पादुकांचे दात कुरकुर वाजत होते. वरून पश्चिमेस मों ब्लाँची रांग आणि पूर्वेस ग्रां कोंबॅं. वर्गबंधू बराच वेळ काही बोलला नाही, आणि साहेबांचा विषय तर त्याने काढलाच नाही. ऊन तापून उतार सैल होण्याच्या आत खाली यावयाचे होते, म्हणून शिखरावर पाव तासच थांबलो.

परतताना बस ओर्सिएरला आली, तेव्हा शेतकरी मित्राने गावाच्या वरच्या अंगाची एक वाडी बोटाने दाखविली. तिचे नाव ला रोझिएर. तेथे १९१० साली एका शेतकऱ्याच्या घरी मोरीस तोर्ने जन्मले. ते खिंडीतील या मठात दाखल झाले आणि १९३६ साली चीनच्या युन्नान प्रांतात तिबेटच्या सीमेकडे गेले. तेथे लात्सा नावाच्या खिंडीत अशाच एका घराचे बांधकाम त्यांच्या बांधवांनी सुरू केले होते. ते पुरे झाले नाही. फादर तोर्ने येर्कालो या तिबेटी गावाचे धर्मगुरू झाले, तेथून १९४६ साली हाकलले गेले, आणि आपल्या लोकांसाठी दाद मागण्यास ल्हासाकडे निघाले असता ११ ऑगस्ट १९४९ रोजी चो-ला खिंडीजवळ मारले गेले. १९९३ साली त्यांस धन्यवादित घोषित करण्यात आले. शेतकरी मित्र एवढे सांगून उतरला. गाईंच्या चाऱ्याची वेळ झाली होती.