दात आणि वय

'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' या म्हणीचा वाक्यात उपयोग करून आपण सगळ्यांनीच शाळेत मार्क मिळवलेत. पण गाईचे दात मुळात बघायचे कशाला, हे मला पार २०२५ मध्ये, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात कळलं. मामा बैल विकायला निघाला होता, मी नुसताच सोबत.

गाय-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. ते सगळे दुधाचे असेपर्यंत जनावर 'आदत'. साधारण दोन-अडीच वर्षांनी मधले दोन पक्के येतात, तो 'दुसा'. तीनच्या आसपास चार, म्हणजे 'चौसा'. मग सहा, आणि साडेचार-पाचच्या सुमाराला आठही आले की बैल 'जुळला'. खालचा ओठ ओढायचा, दात मोजायचे, की वय हजर. ना लॉगिन, ना पासवर्ड!

गंमत पुढे आहे. आठनंतर मोजायला काही उरतच नाही. मग दात किती झिजलेत त्यावर अंदाज. आणि झीज नुसत्या वर्षांवर नाही, चाऱ्यावरही अवलंबून.

मामाचा बैल २०१६ चा, घरच्याच गाईचा. २०१९ च्या दुष्काळात सांगोल्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या, तेव्हा धूळ बसलेला वाळका कडबा खाऊन तो जगला. व्यापाऱ्याने तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बारा वर्षांचा हाय."

मामाने कानातला बारा आकडी बिल्ला दाखवला. "ह्याच्यात समदं लिवलंय."

"त्यात वय कुनी सांगितलं? तुमीच ना?"

यावर मामाकडे उत्तर नव्हतं. आणि तीन वर्षांचा फरक म्हणजे किमतीत केवढा खड्डा!

घरी येऊन वाचलं, तर हरणांचीही हीच कथा. लहानपणी दात किती आलेत त्यावरून वय बऱ्यापैकी नेमकं कळतं, मोठेपणी झिजेवरून अंदाज चुकतो. म्हणून अभ्यासक मेलेल्या हरणाचा दात कापून मुळावरचे थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. टंचाईच्या ऋतूत थर दाट आणि गडद होतो, झाडाच्या वर्तुळांसारखाच. म्हणजे वर्षं तिथे नोंदलेली असतात, पण जिवंत बैलाचा दात कोण कापणार?

मला वाटतं, व्यापारी अगदीच खोटं बोलत नव्हता. दात जन्मतारीख सांगत नव्हते, दुष्काळ सांगत होते. फक्त त्याची किंमत मामाने का मोजायची, एवढाच प्रश्न.

मामाने वाद घातला नाही. म्हणाला, "आता दात काय सांगनार? चालवून बगा." बैल गाडीला जुंपला, बाजाराला एक फेरी मारली. भाव थोडा वाढला, पण मामाच्या मनातल्या आकड्यापर्यंत काही पोचला नाही. बैल परत आमच्यासोबत टेम्पोत.

अजून तो शेतात काम करतोय. असो.