दुसरं गिऱ्हाईक

पावसाळा तोंडावर असताना कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीवर बोलायला उठलो आणि आवाजच फुटेना. घसा दोन वर्षं कुरकुरतोय. सोबतच्या पोरीला म्हटलं, तूच बोल. ती उभी राहिलीच नाही. बायकांत बसली आणि विचारलं, "मावशी, तुमच्या रानातल्या शेवळांचा भाव कोण ठरवतं?"

"पहाटे पनवेलात एकच घेणारा आला तर तो. दोघं आले तर मी."

तीस वर्षं मी जे सांगत हिंडलो, ते एवढंच होतं.

माझी अडचण कायम एकच. खुला बाजार गरिबाच्या फायद्याचा आहे, असं म्हटलं की समोरचा चेहरा मिटतो. मराठीत 'बाजार' हा शब्दच बदनाम: अब्रूचा बाजार मांडतात, हलकं ते बाजारू. त्याला 'मुक्त' जोडलं की ऐकणाऱ्याला काटा मारणारा व्यापारी मोकाट सुटलेला दिसतो. मी 'खुला' म्हणून पाहिलं, 'मोकळा' म्हणून पाहिलं, 'विकायचं स्वातंत्र्य' म्हणून पाहिलं. चेहरे मिटलेलेच.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींकडून उचललेलं सगळं पाठ होतं: चाकणचं कांदा आंदोलन, भाव पाडून शेतकऱ्यावर लादलेली उणे सबसिडी, १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी, जिच्यात शेतकऱ्याला दुसऱ्या कुणाला कापूस विकायची मुभाच नव्हती. शहरातल्या सभागृहात या मुद्द्यांना टाळ्या पडायच्या. मला त्यांची चटक लागली. वाडीवर टाळी पडत नाही, म्हणून वाडीवर जाणं कमी केलं. घशाचं कारण नंतरचं.

शेकापच्या, म्हणजे लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाच्या, वक्त्यांचा मी आयुष्यभर हेवा केला. ते गावात जेवायचे, मग बोलायचे. त्यांच्याकडे जासईचा लढा होता. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. घेणारा एकच, भाव त्याचाच, आणि 'विकत नाही' म्हणायची सोय नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं, ते त्या लढ्यामुळे. एकट्या गिऱ्हाइकापुढे गरीब कसा नागवला जातो, याचा याहून मोठा दाखला माझ्या उंबऱ्याबाहेर दुसरा नव्हता. मी तो एकाही भाषणात घेतला नाही. गोष्ट लाल बावट्याची होती, आणि ती माझ्या तोंडून निघाली असती तर श्रेय त्यांना गेलं असतं. इतका मी कोता होतो.

आताचे बाजारवादी वक्ते ऐकवत नाहीत. मोठ्या उद्योगांना सवलत मिळाली की त्यांना स्वातंत्र्य दिसतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा यातला एकही माझ्या कानावर आला नाही. दुसरं गिऱ्हाईक कायद्याने हाकललं जात असताना जो गप्प बसतो, त्याने गरिबाचं नाव घेऊ नये.

त्या दिवशी वाडीवरच्याच दुसऱ्या बाईने विचारलं, "पण कांदा महागला तर आम्ही काय खायचं?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला येत होतं: शेतमालाला भाव मिळाला की शेतावरची मजुरी वाढते. ते मी खरं मानतो. पण मजुरी वाढायला हंगाम जातो, आणि तिची चूल आज संध्याकाळी पेटायची होती. या दोन्हींच्या मधलं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. पोरीला तसंच सांगितलं. पुढच्या बुधवारी ती पुन्हा वाडीवर जाणार आहे. मीही जाईन, मागे बसेन.