भुजचा फोन

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊच्या सुमारास बडोद्यातलं आमचं घर हललं. बाबा दोन दिवस भुजच्या मित्राला फोन लावत होते, लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्या काकांच्या पुण्याच्या बहिणीचा फोन आला. काकांनी कसाबसा तिला एकच फोन केला होता : "आम्ही सुखरूप आहोत, सगळ्यांना कळव."

यंदा भुजला गेलो. भुजिया डुंगरावरच्या स्मृतिवनात बंधाऱ्यांच्या काठी गेलेल्यांची नावं आहेत. एका नावापाशी काका थांबले. त्यांचे शेजारी. मी काही विचारलं नाही.

उतरताना तेच म्हणाले, "माणसं भूकंपाने नाही, घरं पडून मरतात. अहमदाबाद दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, तरी तिथे इमारती कोसळल्या. कितीतरी ठिकाणी खाली नुसते खांब आणि पार्किंग."

आमची सोसायटीही तशीच आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणीचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये मांडतोय.

घरात मात्र लगेच ठरलं : तसं काही झालं तर प्रत्येकाने इंदूरच्या मावशीला एकच मेसेज टाकायचा, 'ठीक आहे'. बाकीच्यांनी तिलाच विचारायचं. तिचा नंबर मुलांनीही पाठ केलाय.

तुमच्या घरी कुणाचा नंबर ठरलाय?